पहिलं वाद्य : विकत की भाड्याने?

(मंडळाच्या गणेशोत्सवात पालकांसाठी झालेल्या कार्यक्रमात मी जे बोललो, ते अंकासाठी लिहून काढलं आहे. व्यासपीठावर जे विसरलो होतो, ते दोन-तीन ठिकाणी भरून घेतलं आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी गवई नाही, वादक नाही, संगीतातला जाणकार तर मुळीच नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, आयटी कन्सल्टंट झालो, आणि सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे बसून दुसऱ्यांच्या चुका शोधतो. त्यामुळे कमिटीतून फोन आला, "मुलांच्या पहिल्या वाद्याबद्दल बोलाल का?" तेव्हा मला वाटलं राँग नंबर असावा. मग सौ. म्हणाल्या, "बरोबर माणसाला बोलावलंय त्यांनी. या विषयात करता येण्यासारख्या सगळ्या चुका तुम्ही करून झाल्या आहेत." तेव्हा आज मी तज्ज्ञ म्हणून नाही, तर ठेच लागलेला पुढचा म्हणून उभा आहे. मागच्यांनी शहाणं व्हावं, एवढीच इच्छा.

विषय तुम्हा सगळ्यांच्या घरातला आहे. मूल चौथी-पाचवीत गेलं, की सप्टेंबरमध्ये शाळेतून एक कागद येतो. बँडमध्ये जायचंय की ऑर्केस्ट्रात? कुठलं वाद्य? आणि खाली बारीक अक्षरात, वाद्याची सोय पालकांनी करावी. त्या आठवड्यात आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "काय हो, विकत घेतलंत की भाड्याने?" "टिकेल का पण पोरगं?" "ऑनलाइन स्वस्त मिळतंय म्हणे!"

आमच्याकडे हा कागद २०२२ च्या सप्टेंबरात आला. मुलगी नऊ वर्षांची. तिने व्हायोलिनवर खूण केली. आता इथे माझ्यातला कन्सल्टंट जागा झाला. मी एक्सेल उघडलं. आमच्या भागातल्या दुकानात भाडं महिन्याला पंचवीस डॉलर. दहा महिन्यांचे अडीचशे. आणि ऑनलाइन एक आख्खं व्हायोलिन, गज, पेटी, राळेची वडी, वर जास्तीच्या तारा, सगळं मिळून ऐंशी डॉलर! यात विचार करण्यासारखं काय आहे? दोन दिवसांत खोकं दारात. लाल, चकचकीत, नव्या गाडीसारखा वास. लेक त्या रात्री ते उशाशी घेऊन झोपली.

तिसऱ्या दिवसापासून कटकट सुरू झाली. चौथी तार सुरात लावेपर्यंत पहिली उतरलेली असायची, कारण खुंट्या जागच्या जागी राहतच नव्हत्या. तारा ज्या घोडीवरून जातात ती इतकी उंच होती की तार दाबताना पोरीची बोटं दुखायची. गज ओढला की सूर नाही, दार करकरल्यासारखा आवाज. मी रोज म्हणायचो, "प्रॅक्टिस कर, येईल." आयटीतली आमची एक जुनी खोड आहे. काही बिघडलं की आधी वापरणाऱ्याला दोष द्यायचा. सिस्टिम बरोबरच असते, माणूस चुकतो!

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, कडी लावली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मला म्युझिक येतच नाही. आय अ‍ॅम नॉट दॅट काइंड ऑफ पर्सन."

मंडळी, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. मराठीत, आणि स्वतःबद्दल.

मी सांगलीचा. बाबा साखर कारखान्यात क्लार्क. १९९७ साली, मी दहा वर्षांचा असताना, त्यांनी मला ओळखीच्या एकाकडून जुनी पेटी घेऊन दिली. अठराशे रुपयांना. क्लार्कच्या घरात त्या वेळी अठराशे रुपये म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही. पतपेढीचं कर्ज काढलं होतं, हे मला फार नंतर कळलं. मी क्लासला जाऊ लागलो. क्लासमध्ये बरं वाजायचं, घरी वाजवलं की बिघडायचं. घरी घोटून घोटून जे बसवायचो, ते क्लासमध्ये गाऊन दाखवताना बेसूर निघायचं. आठ महिन्यांनी सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "मुलगा गुणी आहे, पण याच्या कानात सूर नाही." बाबा काही बोलले नाहीत. पेटी माळ्यावर गेली. पण पुढे कितीतरी वर्षं घरात काही नवीन घ्यायचा विषय निघाला, की कोणीतरी हसत हसत म्हणायचं, "पेटीसारखं नको व्हायला." मीही हसायचो. कानात सूर नसलेला माणूस म्हणून मी पंचवीस वर्षं काढली. लग्नकार्यात गाण्याच्या भेंड्या लागल्या की मी पाणी आणायला उठतो.

म्हणून लेकीचं ते वाक्य ऐकून मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्राच्या बाईंना भेटलो. त्यांनी व्हायोलिन हातात घेतलं, एक खुंटी फिरवली आणि हसून म्हणाल्या, "आम्ही याला व्हायोलिन म्हणत नाही. व्हायोलिनच्या आकाराची वस्तू म्हणतो." संगीतशिक्षकांमध्ये हा विनोद सगळीकडे चालतो, हे नंतर कळलं. मग त्यांनी स्वतःचं एक लहान व्हायोलिन लेकीच्या हातात दिलं. तिने एकदा गज ओढला. एकच लांब सूर, पण सूर! पोरगी माझ्याकडे बघत राहिली. दोष तिच्यात नव्हता. ऐंशी डॉलरच्या खोक्यात होता.

तेव्हा पहिला मुद्दा हाच, आणि बाकी सगळं विसरलात तरी हा लक्षात ठेवा. वाईट वाद्य नुसतं वाईट वाजत नाही, ते मुलाला खोटं सांगतं. मोठा वादक सुमार वाद्यातूनही काहीतरी काढील, कारण दोष कुठला आणि आपला कुठला हे त्याला कळतं. नवशिक्याला ते कळत नाही. तो सगळा दोष स्वतःच्या खात्यावर टाकतो. "सुरुवातीला साधंच चालेल, यायला लागलं की चांगलं घेऊ" हा आपला हिशेब नेमका उलटा आहे. सुरुवातीलाच चांगलं लागतं. महाग नव्हे, चांगलं! आणि महाग न घेता चांगलं मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे भाड्याने घेणं.

आता जरा तपशिलात जाऊ. व्हायोलिन, व्हिओला, चेलो ही वाद्यं मुलांसाठी लहान मापात मिळतात. पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण. यात एक गंमत आहे. अर्धं व्हायोलिन म्हणजे निम्म्या लांबीचं नव्हे. पूर्ण व्हायोलिनचं धड साधारण चौदा इंच असतं, तर अर्ध्याचं साडेबारा. पण हा दीड इंचच मुलाच्या हाताला जड जातो. माप वयावर नाही, हाताच्या लांबीवर ठरतं. मानेपासून डाव्या तळहाताच्या मध्यापर्यंत मोजायचं. तेवीस इंचांच्या आसपास किंवा जास्त असेल तर पूर्ण, बावीसच्या जवळ पाऊण, वीसच्या जवळ अर्धं. दुकानात व्हायोलिन हनुवटीखाली धरायला लावून डावा हात पुढे लांब करायला सांगतात. टोकाची वळलेली गुंडी तळव्यात सहज मावली आणि कोपराला थोडा बाक राहिला, तर माप बरोबर. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत होती. व्हायोलिन वाढत्या अंगाचं घेऊ नका! मान, खांदा, मनगट सगळंच वाकडं बसतं, आणि एकदा बसलेली सवय मोडायला दुप्पट वेळ लागतो.

माझी लेक तीन वर्षांत अर्ध्यावरून पाऊणवर आणि पाऊणवरून पूर्ण व्हायोलिनवर आली. विकत घेतलं असतं, तर तीनदा घ्यावं लागलं असतं. भाड्याच्या दुकानात दर वेळी जुनं ठेवलं, मोठं उचललं, घरी आलो.

मात्र भाड्याचा करार नीट वाचा. आपण सॉफ्टवेअर टाकताना "आय अ‍ॅग्री" दाबून मोकळे होतो, तसं इथे करू नका. पाच प्रश्न विचारा. एक, महिन्या-महिन्याचं भाडं आहे की अख्ख्या शाळेच्या वर्षाचं, आणि मध्येच परत केलं तर काय? दोन, भाड्यातला किती भाग पुढच्या खरेदीत वळता होतो? काही दुकानं सगळं भाडं धरतात, काही थोडं, काही काहीच नाही. आणि धरलं तरी ते छापील किमतीतून वजा होणार की सवलतीच्या, हेही विचारा. तीन, मोठं माप घेतलं की आधी जमलेली रक्कम टिकते का? चार, मोडतोडीची हमी घेतली तर त्यात काय येतं? तार तुटली, घोडी पडली, पोराने बसमध्ये विसरलं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाच, कार्डावरून पैसे आपोआप जात राहणार का? वाद्य परत करूनही कार्डावर भाडं चालू राहिल्याच्या गोष्टी मी आपल्या मंडळींकडूनच ऐकल्या आहेत. परत केल्याची पावती घ्या, आणि जपून ठेवा.

दुकान कुठलं, हेही महत्त्वाचं. शाळेत भाड्याची संध्याकाळ असते, तिथे सगळं एका टेबलावर मिळतं, सोयीचं असतं. पण तंतुवाद्यांसाठी जमलं तर असं दुकान गाठा, जिथे ती वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर स्वतः बसतो. घोडीची उंची, आतला तो लहानसा लाकडी खांब, खुंट्यांचं घट्ट-सैल, ही जुळणी वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त मोलाची असते. आणि सगळ्यात आधी शाळेला विचारा. चेलो, डबल बेस, ट्यूबा अशी मोठी वाद्यं बऱ्याच शाळा स्वतःची वापरायला देतात. आणि परिस्थिती ओढगस्तीची असेल तर लहान वाद्यांचीही सोय करतात. नोकरी गेलेली असताना हे विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका.

मग भाडंच देत राहायचं का? तसंही नाही. प्रामाणिक हिशेब सांगतो. महिना पंचवीस डॉलरने तीन वर्षांचे नऊशे झाले. ही काही लहान रक्कम नव्हे. पण त्यात आम्ही तीन मापं वापरली, दोनदा घोडी फुकट बदलून मिळाली, आणि मुख्य म्हणजे निर्णय घ्यायला तीन वर्षं मिळाली. आता मूल पूर्ण मापावर आलंय, स्वतःहून वाजवतंय, शिक्षकही म्हणतात घ्या, तेव्हा विकत घेणं शहाणपणाचं. यंदा आम्ही घेतलं. जमलेलं भाडं वजा झालं. तेव्हा "विकत की भाड्याने" हा प्रश्नच अर्धा आहे. आधी भाड्याने, मग विकत. आणि मध्ये मुलाचं मत!

बाकीच्या वाद्यांबद्दल भराभर सांगतो. पियानो शिकायचा असेल तर लगेच मोठा पियानो घरी आणू नका. कोणी फुकट देतोय म्हणून तर आणूच नका. तो हलवायलाच काही शे डॉलर लागतात, आणि सुरात लावायला वेगळे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, पट्टीला पियानोसारखं वजन असलेला डिजिटल पियानो सुरुवातीला उत्तम. एकसष्ट पट्ट्यांचं हलकं खेळणं घेतलंत तर बोटांना चुकीची सवय लागते. गिटारसाठी लहान मुलांना पाऊण मापाची, नायलॉनच्या तारांची घ्या, बोटं सोलवटत नाहीत. गाणं शिकणाऱ्या मुलाला तंबोरा लगेच लागत नाही. फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप पहिली दोन वर्षं पुरतं. फक्त ते फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर न ऐकता बऱ्या स्पीकरला जोडा.

आणि इथल्या हवेची काळजी घ्या. हिवाळ्यात घरातलं हीटिंग हवा इतकी कोरडी करतं की लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात, चिरा जातात. उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये दमट होतं. दहा-बारा डॉलरचा आर्द्रता मोजायचा काटा आणा. चाळीस ते साठ टक्के असलं की लाकूड खूश. कुठलंही वाद्य हीटरच्या झरोक्याजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आता येतो पेटी-तबल्याकडे. खरी अडचण इथे आहे. व्हायोलिन भाड्याने देणारी दुकानं गावोगाव आहेत. पेटी-तबला भाड्याने देणारा मला अजून आमच्या परिसरात सापडलेला नाही. म्हणून आपण काय करतो? भारतात जातो, दोन आठवड्यांच्या सुट्टीत, लग्नाची खरेदी आणि डेंटिस्टच्या मधे एका संध्याकाळी पेटी घेतो. दुकानदार स्वतः वाजवून दाखवतो, त्याच्या हातात ती गोडच वाजते, आणि आपण दहा-बारा किलोंचं ते ओझं बॅगेच्या वजनात बसवायच्या मागे लागतो.

पेटीबाबतीत एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. व्हायोलिन उतरलं तर वाजवणारा तार पिळून लावतो. तबला उतरला तर हातोडीने गट्ठे ठोकून चढवतो. पेटीचे सूर मात्र धातूच्या पट्ट्यांचे असतात. ते वर-खाली करायचे म्हणजे कारागिराने पेटी उघडून ती बारीक पट्टी खरवडायची. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. वाजवणाऱ्याच्या हातात काही नसतं. जी पेटी घरी आली, तोच मुलाचा सा, तोच त्याचा गंधार. तीच चुकीची असेल तर मूल रोज, मन लावून, चुकीचा सूर पाठ करतं!

आता तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललोय ते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो. लेकीने माळ्यावरची पेटी पाहिली आणि हट्ट धरला. मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर. सतारी-तंबोऱ्यांचं गाव, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे वाद्यं ओळखणाऱ्या माणसांच्या गावापासून दहा किलोमीटरवर राहून आम्ही ती पेटी कोणाला न दाखवता घेतली होती! बाबा, मी आणि लेक असे तिघे मिरजेला पेटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी भाता मारला, चार पट्ट्या दाबल्या, कान जवळ नेला. मग फळी उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "उंदीर आणि धूळ नंतरची. पण हे सूर पहिल्यापासूनच दोन वेगळ्या पेट्यांतले आहेत. कोणीतरी मोडक्या दोन पेट्यांची एक केलीय. खालचं सप्तक एका सुरात, वरचं दुसऱ्या. यावर कोण शिकलं?"

मी म्हटलं, "मी."

ते म्हणाले, "मग तुमचा कान चांगला असणार. कान नसता तर तुम्हाला काही त्रासच झाला नसता."

परत येताना रिक्षात बाबा बराच वेळ गप्प होते. विश्रामबागच्या आसपास म्हणाले, "म्हणजे तुझं काही चुकत नव्हतं की रे." मी म्हटलं, "जाऊ द्या हो बाबा, झालं त्याला पंचवीस वर्षं." तर म्हणाले, "तू सोडलंस म्हणून मनात राग होता माझ्या. कधी बोललो नाही. पण होता." मला काय बोलावं सुचेना. लेकीला मराठी पूर्ण कळतं. तिने आजोबांचा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

म्हणून सांगतो, पेटी घेताना जाणकार माणूस बरोबर न्या. तो नसेल तर निदान एवढं करा. सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरा आणि सोडा. लगेच बसला तर हवा गळतेय. पट्टी न दाबता सूर वाजत राहिला तर नको. खर्ज आणि नर हे दोन्ही संच वेगवेगळे वाजवून बघा. फोनवर ट्यूनरचं अ‍ॅप लावून खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी तपासा. सगळे सूर मिळून थोडे चढे किंवा उतरे असले तर एक वेळ चालेल, पण एक वर आणि एक खाली असेल तर दुकानातून उठा. नवशिक्याला स्केल चेंजर, नक्षीकाम, नऊ खुंट्या काही नको. साधी, न गळणारी, सुरात असलेली खर्ज-नर पेटी बास झाली.

तबल्याचं थोडक्यात. आधी गुरुजींना विचारा कुठल्या स्वराचा हवा. काळी एकचा तबला साधारण सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा असतो, आणि तोंड जितकं लहान तितका स्वर उंच. शाईला चिरा नाहीत ना, पुडीवर सगळीकडे एकच सूर लागतो ना, वाद्या नीट ओढलेल्या आहेत ना, हे बघा. आणि चुंबळ, हातोडी विसरू नका. इथे ऐन वेळी मिळत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा. तो धाकट्याचा. गेल्या खेपेला, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरात, त्याने ट्रम्पेट मागितला. भाड्याने आणला. पहिला महिना घरात हत्ती आल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या महिन्यात हत्ती थकला. जानेवारीत तो हळूच म्हणाला, "बाबा, नाही आवडत. रागावणार?" आणि मंडळी, माझ्या तोंडावर वाक्य आलं होतं! "आता घेतलाय ना? मग वाजव!" पण घेतलाच नव्हता. भाड्याचा होता. शनिवारी दुकानात नेऊन परत केला, पावती घेतली, येताना दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. त्यानंतर घरात ट्रम्पेटचं नाव कोणी टोमण्याने काढलेलं नाही, आणि मी काढूही देणार नाही. भाड्याचे शंभर डॉलर गेले. पण माझ्या मते त्या शंभर डॉलरमध्ये आम्ही जे विकत घेतलं, ते बाबांना अठराशे रुपयांत मिळालं नव्हतं. मुलाला नाही म्हणायची मोकळीक! विकत घेतलेल्या वाद्यावर आपल्या अपेक्षांचं कर्ज असतं. आपण बोललो नाही तरी मुलाला ते दिसतं.

दोन महिन्यांनी तोच पोरगा मंडळाच्या गुढीपाडव्याला तबल्याच्या समोर जाऊन बसला, आणि उठेना. आता तबला कुठून भाड्याने आणू? तेव्हा आपल्याच मंडळातल्या एका काकांनी त्यांचा तबला-डग्गा काढून दिला. त्यांचा मुलगा कॉलेजला गेला, जोडी चार वर्षं कपाटात पडून होती. काका म्हणाले, "वाजू दे. नाही वाजवला तर परत आण, काही वाटून घेऊ नकोस." हे शेवटचं वाक्य ते माझ्या मुलाला म्हणाले, मला नाही. पोरगा अजून वाजवतोय. उद्या सोडलं तरी चालेल.

म्हणून जाता जाता मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. आज या हॉलमध्ये शंभरेक कुटुंबं आहेत. हात वर करायला सांगत नाही, पण किती जणांच्या बेसमेंटमध्ये एक न वाजणारी पेटी किंवा तबला आहे, याचा मला अंदाज आहे. आपण मंडळाचं एक वाद्यांचं कपाट करू. पुस्तकांचं कपाट आहेच, त्याच्या शेजारी. ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी द्यावं. आपल्यातल्या दोघा-तिघा जाणकारांनी ते आधी तपासावं, आणि सुरात असेल तरच कपाटात ठेवावं. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूल सहा महिन्यांसाठी नेईल, थोडी अनामत ठेवेल, आवडलं तर पुढे चालवेल, नाही तर परत आणेल, आणि परत आणताना कोणी "का सोडलंस?" विचारणार नाही. हिशेबाची एक्सेल शीट मी ठेवीन. ते मला येतं!

पहिली देणगी माझी. ती सांगलीची पेटी मिरजेच्या त्या कारागिरांनी नवे सूर घालून पूर्ण सुरात लावून दिली. बाबा गेल्या मे महिन्यात आले, तेव्हा ती स्वतः विमानातून घेऊन आले. मी म्हटलं, "एवढं ओझं कशाला आणलंत?" तर म्हणाले, "कुणाच्या तरी पोराला होईल." ती कपाटात ठेवायला मी आज बरोबर आणली आहे. तिकडे चहाच्या टेबलापाशी आहे.

आणि हो, रोज रात्री मुलं झोपली की मी दहा मिनिटं तिच्यावर सा रे ग म वाजवत होतो, हे सौ. सोडून कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हालाही कळलं. कपाटातून पहिली सहा महिन्यांसाठी मीच नेली तर चालेल का, तेवढं कमिटीने सांगावं.